पाठशाळेतील शिक्षकाची पात्रता

रविवारी सकाळी दुकान उशिरा उघडून तासभर मुलांना शिकवणाऱ्या स्वयंसेवक शिक्षकांवरच बहुतेक गावांतील जैन पाठशाळा चालतात. त्यांची निवड करताना संघाचे पदाधिकारी बहुधा एकच विचारतात : प्रतिक्रमण पाठ आहे ना? प्रश्न योग्य, पण अपुरा. सूत्रज्ञान पारखण्याची सोय समाजाने पूर्वीच केली आहे. आचार्य आनंदऋषीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाचे अभ्यासक्रम त्यासाठीच आहेत. ज्ञानातील उणीव वर्ष-दोन वर्षांत भरून निघते. आचरणाचे तसे नाही.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाचा अध्याय या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वाणिज्यग्रामच्या या धनाढ्य गृहस्थाच्या चार कोटी सुवर्णमुद्रा एकट्या व्यापारात गुंतलेल्या होत्या. भगवान महावीरांपाशी त्याने श्रावकव्रते घेतली, तेव्हा अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले गेले ते सारे पेठेतलेच : चोरीचा माल घेणे, चोराला साहाय्य करणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार, खोटे वजनमाप आणि भेसळ.

हा पाठ चालू असता एखादी बारा वर्षांची मुलगी सहज विचारते, ‘‘सर, पक्के बिल न देता माल विकला, तर तो अतिचार होतो का?’’ समोरच्या निम्म्या मुलांची घरे दुकानावर चालतात. सरांचेही दुकान त्याच पेठेत असते. ‘आता काळ बदलला’ म्हणून त्यांनी विषय टाळला, तर व्रते ही केवळ पाठांतराची वस्तू आहे असे मुले समजून चालतात. वडिलांकडे बोट दाखवले, तर ती मुलगी पुढच्या रविवारी येत नाही. ‘होय, कर चुकवला तर तो अतिचारच’ एवढे कोणाचेही नाव न घेता सांगावे आणि प्रतिक्रमणात या अतिचारांची आलोचना का केली जाते, ते समजावून द्यावे. मात्र हे न अडखळता सांगण्यासाठी सरांचा स्वतःचा गल्ला स्वच्छ हवा. निवड करणाऱ्यांनी चौकशी करावी ती याची.

त्याच अध्यायात पुढे आनंदाला अवधिज्ञान होते. गृहस्थाला ते इतके व्यापक होणे शक्य नाही, असे गौतम स्वामींना वाटते. भगवंत आनंदाचे म्हणणे खरे असल्याचे सांगतात आणि चौदा हजार साधूंचे अग्रणी गणधर त्या श्रावकाची क्षमा मागण्यास जातात. मग सूत्राचा चुकीचा अर्थ सांगून बसलेल्या शिक्षकाने पुढच्या वर्गात तो मुलांसमोर दुरुस्त करण्यात कमीपणा कसला? जे ठाऊक नाही, ते चातुर्मासासाठी आलेल्या साधु-साध्वींना विचारून सांगावे.

हजेरी, खाऊ, बक्षिसे ही कामे कोणीही शिकून घेतो. मुलांच्या सुरक्षिततेविषयी मात्र ढिलाई नको. एकट्या प्रौढाने एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवू नये. शिबिरासाठी परगावी नेताना सोबत शिक्षिका असावी आणि पालकांची लेखी संमती घ्यावी. कोणाच्या गैरवर्तनाची कुणकुण लागल्यास ‘उपगूहन’ या सुंदर गुणाच्या आडोशाने ते झाकणे हा त्या शब्दाचाच अवमान होय. 2012 च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि यातून विश्वस्तही सुटत नाहीत.