घरातला टॅरँटुला : त्याचे वागणे कसे ओळखावे

आपल्या बेळगावच्या अनेक सभासदांची मुले आज अमेरिका, इंग्लंड, जर्मनीत स्थिरावली आहेत. आपणही वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्याकडे जाऊन राहतो. तिथल्या घरात कुत्रा-मांजर असणे आता नवलाचे नाही. पण काही घरांत काचेच्या पेटीत तळहाताएवढा केसाळ कोळीही असतो. आणि चार दिवस बाहेर जाताना मुले सांगून जातात, "बाबा, याच्याकडे जरा लक्ष ठेवा."

मी वाणिज्य शाखेचा माणूस, नोकरी सगळी बँकेत झाली. नातवाच्या खोलीत अशी पेटी आल्यापासून या विषयाचे वाचन सुरू केले. त्यातून एक गोष्ट पक्की ध्यानात आली. या प्राण्याच्या वागण्याचा अर्थ ठाऊक नसेल, तर आपण काळजीपोटी केलेली मदतच त्याच्या जिवावर बेतू शकते.

हा प्राणी कसा आहे?

टॅरँटुला हे नाव इटलीतल्या टारांटो शहरावरून पडले. तिथला मूळ कोळी वेगळ्याच कुळातला. पुढे अमेरिका खंडातल्या मोठ्या केसाळ कोळ्यांना तेच नाव चिकटले. आज या कुळात हजाराहून अधिक जाती ज्ञात आहेत. पाळणाऱ्यांच्या विशेष आवडीची एक जात म्हणजे मेक्सिकोतला तांबड्या गुडघ्यांचा कोळी.

त्याला आठ डोळे असतात, तरी नजर अधूच. त्याचे जग अंगावरच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांचे आहे. तो मालकाला ओळखत नाही आणि कुरवाळून घेणे त्याला कळत नाही. त्याला एकटेच राहायचे असते. एका पेटीत दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खाण्याची शक्यता मोठी.

उपाशी आहे म्हणून घाबरू नका

मोठ्या कोळ्याला आठवड्यातून एखाद-दोन रातकिडे पुरतात. कधी कधी तो कित्येक आठवडे, काही जाती तर कित्येक महिने, अन्नाला तोंड लावत नाहीत. पोट भरलेले आणि गरगरीत दिसत असेल तर काळजीचे कारण नाही. "बिचारा उपाशी आहे" म्हणून रोज नवा किडा टाकू नका. न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी काढून टाकावा. उथळ वाटीत स्वच्छ पाणी मात्र कायम हवे.

पाठीवर पडला म्हणजे मेला नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज इथे होतो. टॅरँटुला वाढताना कात टाकतो. त्याआधी तो खाणे सोडतो, सुस्त होतो, अंगाचा रंग फिका पडतो. मग एक दिवस जाळ्याची चटई विणून त्यावर चक्क उताणा पडतो आणि तासन्‌तास तसाच राहतो. नवख्याला वाटते, संपला. कोणी हलवून पाहतो, कोणी सुलटा करतो, कोणी थेट कचऱ्यात टाकतो. त्या वेळी नवी कातडी अगदी मऊ असते. नुसत्या धक्क्यानेही इजा होते. पेटीत जिवंत रातकिडा राहिला असेल, तर तो या मऊ कोळ्याला कुरतडू शकतो. म्हणून किडा काढावा, झाकण लावावे आणि दूर व्हावे. कात टाकल्यावरही मोठ्या कोळ्याला आठ-दहा दिवस खायला देऊ नये, कारण सुळेही नवे आणि मऊ असतात. तुटलेला पाय पुढच्या एक-दोन कातींत पुन्हा येतो, हे या प्राण्याचे आणखी एक वैशिष्ट्य.

मग खरी धोक्याची खूण कोणती? सुलटा बसलेला कोळी आणि पोटाखाली मुठीसारखे आवळलेले पाय. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोळ्याच्या पायांत वाकवणारे स्नायू असतात, पण मुख्य सांधे सरळ करणारे नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब देऊन तो पाय पसरतो. पाणी कमी पडले किंवा शक्ती संपत आली की दाब उतरतो आणि पाय आत वळतात. असे दिसल्यास लगेच पाण्याची वाटी जवळ सरकवावी आणि मुलांना फोन करावा.

राग आणि बचाव

पुढचे पाय उंच करून तो उभा राहिला, तर तो "जवळ येऊ नका" असे सांगतो आहे. अमेरिका खंडातल्या बऱ्याच जाती मागचे पाय पोटावर घासून बारीक काटेरी केस हवेत उडवतात. इंग्लंडमधील लीड्स येथे एका तरुणाचा डोळा तीन आठवडे लाल होता. औषधांनी फरक पडेना. तपासणीत डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात असे केस रुतलेले दिसले. पेटी साफ करताना कोळ्याने ते त्याच्या तोंडावर उडवले होते. वैद्यकीय नियतकालिकात याची नोंद आहे. म्हणून पेटीत हात घालताना चष्मा लावावा, तोंड जवळ नेऊ नये.

आशियातल्या जातींकडे हे केस नाहीत. त्या चपळ असतात आणि चावतात. काहींच्या दंशाने स्नायूंत दिवसेंदिवस पेटके येतात. कोणतीही जात असो, हौसेने हातावर घेऊ नये. त्याच्या पोटाची कातडी इतकी पातळ असते की हाताच्या उंचीवरून पडूनही ती फुटू शकते.

घरातली पथ्ये

- त्या खोलीत डासांची अगरबत्ती, मॅट किंवा झुरळांचा फवारा वापरू नये. कीटकांना मारणारे विष कोळ्यालाही मारते.
- घरातली झुरळे पकडून खाऊ घालू नयेत. त्यांनी विष खाल्लेले असू शकते.
- पेटी उन्हात किंवा दिव्याखाली ठेवू नये.
- जमिनीवर राहणाऱ्या जातीसाठी उंच पेटी नको. नारळाच्या भुशाचा जाड थर द्यावा.

आपल्याकडे पाळायचा असेल तर

टॅरँटुला परदेशातच असतात असे नाही. बेळगावहून कोकणात किंवा गोव्यात उतरताना लागणाऱ्या पश्चिम घाटातही झाडांच्या ढोलीत आणि मातीच्या दरडीत राहणाऱ्या जाती आहेत. तिथून कोळी उचलून आणणे हा छंद नव्हे, चोरी आहे. आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूड वखारीत सापडलेल्या निळ्या टॅरँटुलाची नोंद 1899 मध्ये झाली. त्यानंतर थेट 2001 मध्ये तो नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात पुन्हा आढळला. आज परदेशी हौशी लोकांच्या पेट्यांत त्याची पैदास होते, आणि मूळ जंगलात मात्र तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्या संपूर्ण प्रजातीचा व्यापार 2019 पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनुसार, करारातील यादीतले विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची आहे. कागदपत्रांशिवाय कोणी विकत असेल, तर घेऊ नये.

मुदतीचाही विचार करावा. नर प्रौढ झाल्यावर साधारण वर्षभरात मरतो, पण मेक्सिकोतल्या त्या जातीची मादी वीस वर्षांहून अधिक जगते. दहावीतल्या नातवाने आज आणलेली मादी त्याच्या लग्नानंतरही असेल. शिक्षणासाठी तो बाहेरगावी गेला की पेटी आई-वडिलांकडे येणार, हे आधीच धरून चालावे.

आणि कोणाच्याही घरी ही जबाबदारी अंगावर आली, तर मुलांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून पेटीला चिकटवून घ्याव्यात : जातीचे नाव, शेवटचे खाणे कधी, शेवटची कात कधी. पाठीवर पडलेला कोळी दिसला की आधी तो कागद वाचावा.