स्वमग्न अपत्य सज्ञान झाल्यावर पालक कोण?

सोलापूर : 'आमच्यानंतर या मुलाचे काय?' हा प्रश्न स्वमग्न मुलांच्या आई-वडिलांना सतत भेडसावतो. कायद्यापुढे मात्र तो त्यांच्या हयातीतच उभा राहतो. अपत्य १८ वर्षांचे होताच सज्ञान ठरते आणि आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपुष्टात येते. मालमत्तेच्या व्यवहारात त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार त्यांना आपोआप उरत नाही.

यावर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ने मार्ग दिला आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी पालक नेमण्याचा अर्ज जिल्हा पातळीवरील स्थानिक स्तर समितीकडे करता येतो. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, न्यासाकडे नोंदलेल्या स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो.

अशा संस्थांचे काम शाळा किंवा उपचार केंद्र चालविण्यापुरते नसते. पालक नेमण्यासाठी त्या स्वतः अर्ज करू शकतात. पालकाने हेळसांड केली किंवा मालमत्तेचा अपहार केला, तर नातेवाइकांप्रमाणेच त्यांनाही त्याला हटविण्याची मागणी करता येते. उपचार व थेरपीसाठी एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणाऱ्या 'निरामय' आरोग्य विम्याची नोंदणीही त्यांच्यामार्फत होते.

म्हणूनच संस्था निवडताना तिची न्यासाकडे नोंदणी आहे का, हे कुटुंबांनी प्रथम विचारावे.