एकहाती कलाकृतीचा भ्रम

नाटकाची तालीम असो, दिवाळी अंक असो, लघुपट असो की जाहिरातीची मोहीम, चार कलावंत मंडळी एकत्र आली की एक समजूत हमखास डोकं वर काढते: काम वाटलं की कलाकृती पातळ होते. 'समजावत बसण्यापेक्षा मीच करून टाकतो' हे वाक्य त्या समजुतीतूनच येतं. दृष्टी एकाची असेल तर हातही एकाचाच हवा, असं त्यामागचं गृहीतक. दुसऱ्याला दिलेलं काम बिघडतं, हा अनुभव खोटा नाही. मात्र ते बिघडण्याचं कारण आपण चुकीच्या जागी शोधतो. हात अनेक लागले म्हणून घोळ होत नाही. कोणता निर्णय कोणाचा, हे आधी ठरलेलं नसतं म्हणून होतो.

एकहातीपणाचा दाखला म्हणून सत्यजित राय यांचं नाव पहिलं येतं, आणि वरवर ते पटण्यासारखंही आहे. पटकथा त्यांची, पोस्टर त्यांचं, 'तीन कन्या'पासून (१९६१) संगीत त्यांचं आणि 'चारुलता'पासून (१९६४) कॅमेराही तेच चालवत. पण श्रेयनामावली नीट वाचावी. 'पथेर पांचाली'पासून (१९५५) थेट 'आगंतुक'पर्यंत (१९९१) संकलन दुलाल दत्त यांचं. उमेदीच्या वर्षांतलं कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्त यांचं. छायालेखक सुब्रत मित्र 'पथेर पांचाली'च्या वेळी विशीत होते आणि त्यांनी त्याआधी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. या माणसाकडे राय यांनी काय सोपवलं, हे 'अपराजितो'मध्ये (१९५६) दिसतं. काशीच्या घराचं अंगण कोलकात्यात स्टुडिओत उभारायचं ठरलं, कारण पावसाळा तोंडावर होता. वरून झिरपणारा, सावली न पाडणारा आभाळाचा उजेड स्टुडिओत आणता येणार नाही, असं सुब्रत मित्र यांचं म्हणणं. ते मानलं गेलं नाही. सेट आतच लागला. मग मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्यावर मारले आणि परतून येणाऱ्या उजेडात चित्रण केलं. सेट कुठे लावायचा हा निर्णय दिग्दर्शकाचा होता आणि उजेड कसा हवा तेही ठरलेलं होतं. तो आणायचा कसा, हे मात्र पूर्णपणे छायालेखकाचं. पुढे जगभर रूढ झालेल्या प्रकाशतंत्राचा हा एक ठळक आरंभ त्या मोकळ्या सोडलेल्या जागेतून झाला.

यावर कोणी म्हणेल, की राय यांनी संगीत आणि कॅमेरा अखेर स्वतःकडे घेतलाच ना? घेतला. रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ अशा दिग्गजांबरोबर काम करून झाल्यावर घेतला. पण कॅमेऱ्यामागे स्वतः उभे राहूनही प्रकाशयोजना त्यांनी सुब्रत मित्र यांच्याकडे आणि पुढे सौमेंदू राय यांच्याकडेच ठेवली. म्हणजे सगळंच सोपवावं असा काही नियम नाही. काय स्वतःकडे ठेवायचं हे जाणून ठरवलेलं असलं, की उरलेलं निर्धास्तपणे देता येतं.

आपल्याकडचा पुरावा याहून बोलका आहे. १९२९ साली कोल्हापुरात निघालेल्या 'प्रभात फिल्म कंपनी'चे पाच भागीदार होते. दिग्दर्शन शांतारामबापूंचं, ध्वनी विष्णुपंत दामल्यांचा, कलादिग्दर्शन फत्तेलालांचं, छायाचित्रण धायबरांचं, आणि पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी. १९३६ साली याच कंपनीतून शांतारामबापूंचा 'अमरज्योती' आला आणि त्याच वर्षी 'संत तुकाराम'ही. तो दिग्दर्शित केला दामले-फत्तेलाल या जोडीनं. वर्षभरात व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट कंपनीच्या सर्वांत नामांकित दिग्दर्शकाचा नव्हता, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. दिग्दर्शक दोन, पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं, गीतं शांताराम आठवल्यांची. एवढे हात लागूनही सुरात सूर इतका मिसळला, की आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना आजही कित्येक जण तुकोबांचा अस्सल अभंग समजून गातात. काम वाटल्यानं कलाकृती पातळ होते, असं म्हणणाऱ्यानं आधी या एका गाण्याचा उलगडा करावा.

मग आपल्याकडे घोळ का होतो? मुखपृष्ठाचं घ्या. चित्रकाराला फोन जातो: 'दिवाळीचं वाटेल असं काहीतरी छान कर.' तीन आठवड्यांनी चित्र येतं, आणि तेव्हा कळतं की वर अंकाचं नाव बसायला जागाच नाही, चित्र आडवं आणि अंक उभा आहे, शिवाय व्यवस्थापकांना पिवळा रंग नको आहे. संपादक म्हणतात, 'बघा, दुसऱ्याला दिलं की असंच होतं.' खरं तर चित्रकाराला फक्त मेहनत दिली होती. निर्णय सगळे संपादकांच्या खिशात होते आणि ते बोलूनही दाखवलेले नव्हते. तेच काम असं देता येतं: अंकाचा आकार अमुक, नावाची पट्टी वर एवढी, कच्चं रेखाटन या तारखेला, पक्कं चित्र त्या तारखेला, आणि शेवटचा होकार फक्त संपादकांचा. विषय, रंग, शैली तुझी. मग पिवळ्या रंगाबद्दल कोणाला काही वाटलं, तर ते रेखाटनाच्या दिवशीच निघतं. हे समजावायला अर्धा तास जातो. 'मीच करून टाकतो' म्हणणारे हा अर्धा तास वाचवतात आणि पुढच्या प्रत्येक अंकाला स्वतःच्या रात्री घालतात.

दुसरा गैरसमज असा, की शिस्त आणि सर्जन यांचं वैर आहे. तक्ते, याद्या, तारखा हे कारकुनी काम. कलावंतानं त्यात पडू नये. या मताला राय यांच्या वह्याच उत्तर देतात. पेढीवर जमाखर्चासाठी वापरतात तसल्या, लाल कापडी बांधणीच्या त्या चोपड्या. बंगालीत त्यांना 'खेरोर खाता' म्हणतात. दृश्यांची रेखाटनं, संवाद, पोशाख, स्वरांच्या नोंदी, सगळं त्यांत. चित्रपट क्रमानं चित्रित होत नाही. आज घरात शिरणारं पात्र दाराबाहेर पंधरा दिवसांनी उभं राहतं. पिशवी कुठल्या हातात होती, बाही किती दुमडली होती, हे लिहून ठेवणारा कंटिन्युइटीचा माणूस सेटवर म्हणूनच असतो. दौऱ्यावरच्या नाटकात प्रॉपर्टीची यादी हेच करते: पत्र डाव्या विंगेतल्या टेबलावर, कंदील उजवीकडे, प्रत्येक गावी, प्रत्येक प्रयोगाला. पत्र जागेवर असलं, की ते वाचताना काय करायचं याकडे नटाचं लक्ष राहतं. नसलं, तर त्याची सगळी उत्स्फूर्तता पत्र शोधण्यात जाते. शिस्तीचा अतिरेक होतो, हेही खरंच. दर दोन तासांनी 'कुठवर आलं?' विचारणारा प्रमुख व्यवस्था पाळत नसतो. दिलेला निर्णय तो हप्त्याहप्त्यानं परत घेत असतो.

माणसं वाढवली की काम लवकर होतं, हा तिसरा समज थोडक्यात निकालात काढता येतो. आयबीएममध्ये 'ओएस/३६०' या प्रणालीच्या उभारणीची धुरा सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५च्या 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये सांगून ठेवलं, की रेंगाळलेल्या प्रकल्पात ऐनवेळी माणसं घातली तर तो आणखी रेंगाळतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि बोलण्याच्या वाटा वाढतात. चौघांत सहा जोड्या होतात, आठ जणांत अठ्ठावीस. ब्रूक्स संगणकाच्या आज्ञावलींबद्दल लिहीत होते, पण छपाईच्या आठ दिवस आधी तीन नवे मुद्रितशोधक बोलावणाऱ्या संपादकालाही हे गणित लागू पडतं. शुद्धलेखनाचे तीन नियम एकाच अंकात नांदू लागतात.

इथं एक वजनदार आक्षेप आहे. 'प्रभात' ही पगारी माणसांची, एका आवारात राबणारी कंपनी होती. आजची टोळी तात्पुरती: संकलक नाशकात, संगीतकार पुण्यात, लेखक परदेशात, आणि कारभार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. आवारात चालता चालता ठरणाऱ्या गोष्टी इथं ठरत नाहीत, हे मान्य. म्हणूनच लिहून ठेवण्याची गरज आज जास्त आहे. ग्रुपवर सहा जणांनी अंगठा दाखवला म्हणजे होकार कोणाचा, हे कोणालाच कळत नाही, आणि 'फायनल' नावाच्या चार फाइलींतली छापखान्यात कुठली गेली हे अंक हातात आल्यावर कळतं. एक कागद, त्यावर प्रत्येक कामापुढे एकच नाव, तारीख आणि ताजी फाइल कुठे आहे ते. महागडं ॲप नसलं तरी चालतं.

शेवटची धास्ती श्रेयाची: वाटून केलं तर 'माझं' काय उरलं? अँटवर्पचे चित्रकार रूबेन्स यांची चित्रशाळा मोठी होती आणि शिष्य अनेक. हेगमधले इंग्लंडचे राजदूत डडली कार्लटन यांच्याकडच्या प्राचीन शिल्पांच्या बदल्यात चित्रं द्यायची बोलणी चालली होती. तेव्हा १६१८च्या एप्रिलमध्ये रूबेन्स यांनी त्यांना यादी पाठवली आणि कुठलं चित्र संपूर्ण स्वतःचं, कुठल्यात शिष्याचा हात, हे तीत चित्रागणिक नोंदवलं. 'प्रॉमिथिअस'पुढे लिहिलं, की चित्र माझ्या हातचं, गरुड मात्र स्नायडर्स यांनी केलेला. फ्रान्स स्नायडर्स प्राणी-पक्षी रंगवण्यात निष्णात होते. कार्लटन यांचा कल रूबेन्स यांच्या स्वतःच्या हातच्या चित्रांकडे होता, तरी हे चित्र त्यांनी घेतलं. आज ते फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे.