करुणा आणि भीड

आयोजकांनी मला विषय कळवला तो 'दयाळू नेतृत्व' असा होता. मी फोनवर थोडी कुरकुर केली. विषयाला माझी हरकत नव्हती, शब्दाला होती. मराठीत 'दया' म्हटलं की एक जण वर आणि एक जण खाली असं चित्र आपोआप उभं राहतं. दया 'येते', दया 'दाखवली' जाते, दयेचा अर्ज असतो. ज्या माणसाने महिनाभर राबून पगार घेतला आहे, त्याला साहेबाची दया कशाला हवी? म्हणून आज मी 'करुणा' हा शब्द वापरणार आहे. तोही जपून, कारण त्याच्यासारखं दिसणारं आणखी एक काहीतरी आपल्या कचेऱ्यांमध्ये फार बोकाळलेलं आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी एक ओळखीचं दृश्य. कुणाला तरी रजेचा अर्ज घेऊन आत जायचं असतं. तो आधी केबिनबाहेरच्या शिपायाला हळूच विचारतो, "आज मूड कसा आहे?" शिपाई नुसत्या भुवया उंचावतो, आणि अर्ज आज आत जाणार की उद्या, हे ठरतं. हे साहेब वाईट असतील असं नाही. मूड असला तर अर्ज न वाचता सही करतील, वर घरच्यांची विचारपूस करतील. पण हाताखालच्या माणसाला त्यावर भरवसा ठेवून काही ठरवता येत नाही. पावसावर शेती असते तशी ही मूडवर नोकरी.

कांटच्या १७८५ सालच्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या पुस्तकात याच्याशी जुळणारा एक उतारा आहे. स्वभावतःच कनवाळू, दुसऱ्याला मदत करण्यात ज्याला आनंद वाटतो, असा माणूस तो घेतो. आणि म्हणतो, याचं वागणं गोड आहे, कौतुकास्पद आहे, पण त्याला खरं नैतिक मूल्य नाही. दरवर्षी वर्गात यावर गदारोळ व्हायचा. मुलं म्हणायची, हा कांट कसला कोरडा माणूस! विद्यार्थी असताना माझंही तेच मत होतं. पण कांट पुढे जातो. तो म्हणतो, आता हाच माणूस स्वतःच्या दुःखात बुडालेला आहे, दुसऱ्याचं काही मनाला भिडत नाही, आणि तरीही तो उठून मदत करतो, कारण ते करायला हवं. मूल्य इथे दिसतं. मी विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसलो तेव्हा मला कांट पटायला लागला. अधिकार हातात असलेल्या माणसाचा चांगुलपणा त्याच्या मूडवर अवलंबून असेल, तर तो एक प्रकारचा लहरीपणाच असतो.

आता ते दुसरं. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष नावाचे आचार्य होऊन गेले. त्यांचा 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ. आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला जाऊन काम केलं होतं, हे जाता जाता सांगतो, कारण आपण ते विसरतो. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावना योगसूत्रांतही आहेत, बौद्धांकडेही आहेत. बुद्धघोषांनी या प्रत्येकीला दोन शत्रू सांगितले, एक दूरचा आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. तो लगेच ओळखू येतो. हाताखालच्यांवर चारचौघांत ओरडणारा अधिकारी क्रूर आहे हे कळायला तत्त्वज्ञान लागत नाही. जवळचा शत्रू मात्र करुणेसारखाच दिसतो, तिच्याच घरात राहतो. तो म्हणजे स्वतःचं दुःख, आपल्या मनाला होणारा त्रास. समोरच्याचं दुःख बघून मी इतका अस्वस्थ होतो, की त्यानंतर मी जे काही करतो ते माझी अस्वस्थता घालवण्यासाठी करतो. माझी समजूत मात्र अशी, की मी हे त्याच्यासाठी करतोय.

मराठीत या शत्रूला एक छान घरगुती नाव आहे : भीड. 'भीड भिकेची बहीण' असं आपण म्हणतो, पण तिथे भीक कुणाला लागते, हे आपण नीट पाहत नाही. मला ते फार उशिरा दिसलं. सांगतो.

मी प्रमुख असताना विभागात एक सहकारी होते. वयाने माझ्याहून लहान, अतिशय सज्जन, घरी अडचणी बऱ्याच. वर्गात ते पिवळ्या पडलेल्या टिपणांतून वाचून दाखवायचे. मुलं तक्रार घेऊन यायची. मी मुलांची समजूत काढायचो. वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवालाचा फॉर्म यायचा, त्यात मी 'समाधानकारक' लिहायचो. दोनदा ठरवलं की यांना बोलवायचं आणि सांगायचं. दोन्ही वेळा चहा मागवला, मुलांच्या शिक्षणावर बोललो, आणि त्यांना जाऊ दिलं. संध्याकाळी घरी येताना मला वाटायचं, आपण माणुसकीने वागलो.

सात वर्षं गेली. वरच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी त्यांना त्यांच्या विषयातलं गेल्या दहा वर्षांतलं काही विचारलं. त्यांना सांगता आलं नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. रागावलेले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. म्हणाले, "सर, तुम्हाला हे माहीत होतं ना? सात वर्षांत एकदा तरी मला सांगायचं होतंत."

मी काय उत्तर देणार? पहिल्या वर्षी सांगितलं असतं, तर एक अवघड दुपार गेली असती. ती अवघड दुपार मी टाळली, आणि तिची किंमत त्यांनी भरली. भीड माझी, भीक त्यांच्या वाट्याला.

याच्या उलटचं उदाहरण तुम्हाला अर्धं माहीत आहे. १० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोटाहून आपलं पहिलं एसएलव्ही-३ उडालं आणि ३१७ सेकंदांत बंगालच्या उपसागरात पडलं. कलाम प्रकल्पाचे प्रमुख, सतीश धवन इस्रोचे अध्यक्ष. पत्रकारांसमोर धवन स्वतः गेले आणि अपयश स्वतःकडे घेतलं. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केलं. ही गोष्ट व्यवस्थापनाच्या प्रत्येक शिबिरात सांगतात आणि इथेच थांबतात. मला तिचा मधला भाग महत्त्वाचा वाटतो.

बाहेर धवनांनी ढाल धरली, पण आत चौकशी अजिबात पातळ झाली नाही. दुसऱ्या टप्प्याची नियंत्रणयंत्रणा बंद पडली होती. एक झडप उघडी राहिली आणि इंधनाबरोबर लागणारं आम्ल गळून गेलं, इथपर्यंत कारण खणून काढलं गेलं. आणि कलामांनी आत्मचरित्रात लिहिलंय, की शास्त्रज्ञांच्या त्या बैठकीत ते स्वतः उभे राहिले. उलट मोजणी चालू असताना गळतीची सूचना मिळाली होती, ती किरकोळ समजण्याची चूक माझी, असं त्यांनी सांगितलं. सहकाऱ्यांनी तांत्रिक खुलासा आधीच दिला होता. ते गप्प बसू शकले असते. चूक कबूल केली म्हणून कुणी आपल्याला बाहेर उघडं पाडणार नाही, एवढा विश्वास असल्याशिवाय माणूस असा उभा राहत नाही, असं मला वाटतं. पुढचं उड्डाण यशस्वी व्हायला ती माहिती लागतच होती.

एमी एडमंडसन या संशोधक बाईंनाही १९९०च्या दशकात असंच काहीसं दिसलं. रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. चांगल्या प्रमुखाच्या हाताखाली चुका कमी असतील, ही अपेक्षा. आकडे उलटे आले. मग लक्षात आलं, तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या. भित्र्या वॉर्डाचा कागद स्वच्छ असतो.

वेळ होत आली आहे. प्रश्न? हां, तुम्ही, शेवटच्या रांगेतल्या. बरोबर, बरोबर. माइक नीट चालत नाहीये, म्हणून मीच सांगतो. या एका कंपनीत टीम लीड आहेत. वरून यादी येते, इतकी माणसं कमी करा. यात करुणा कुठे बसते, असं त्या विचारताहेत.

खरं सांगू? करुणेने त्यांची नोकरी वाचणार नाही. तो निर्णय तुमच्या हातात नाही, आणि तो आहे असा आव आणणं हीसुद्धा भीडच. तुमच्या हातात फार थोडं उरतं. ते तुम्ही स्वतः, समोर बसून सांगायचं. ईमेलवर ढकलायचं नाही. खर्चकपातीमुळे काढत असाल तर तसंच सांगायचं, स्वतःला हलकं वाटावं म्हणून त्या माणसाच्या कामात ऐनवेळी खोट शोधायची नाही. आणि त्याच्यासमोर, "मलाही झोप लागली नाही हो," असं म्हणायचं नाही. नोकरी त्याची गेली आहे. तुमची समजूत काढायचं काम त्याच्यावर कशाला? रडू आलंच, तर घरी जाऊन रडा.