खेट्याच्या रविवारी वाड्यावर आलेलं पिल्लू

पहाटे ४.३०
जोतिबाच्या पायथ्याला कुशिरे. गावाखालच्या रानातला ऊस तुटून गेलाय. तिथं वाघर लावली आहे आणि वाघरीच्या जाळीत १४० बकरी बसली आहेत. इकडचे धनगर मेंढरांना बकरीच म्हणतात. कळपाचे धनी आण्णा बॅटरी टाकत जाळीभोवती फेरी मारतात. एक खुंट सैल झालाय, तो दगडानं ठोकतात. म्हातारी कुत्री त्यांच्या मागोमाग. दिवाळीपर्यंत ही फेरी दोन कुत्री मारायची. त्यातल्या वाघ्याला उसातनं येऊन बिबट्यानं नेलं. तेव्हापासून आण्णा सलग दोन तास झोपलेले नाहीत.

आज पिल्लू आणायचंय, मीही सोबत आहे. डोंगरापलीकडं गिरोलीच्या शिवारात त्यांच्या मेहुण्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उतरलाय.

५.३०
तीन दगडांच्या चुलीवर चहा. आण्णा दिवसभर नसणार, म्हणून चारणीला भाचा आलाय. त्याला ४०० रुपये आणि दोन वेळचं जेवण. रानात खतासाठी बकरी बसवायचे शेतकऱ्याशी रात्रीला ५०० रुपये आणि चार शेर जोंधळं ठरलेत. म्हणजे रात्रीच्या कमाईतले ४०० आज पिल्लापायी जाणार. आण्णा हिशोब बोलून दाखवत नाहीत. त्यांची मंडळी, मामी, दाखवतात.

पिशवीत एक नारळ, भाकरीचं गठुळं आणि पोत्याचा तुकडा. हा तुकडा आठ दिवस वाघरीत बकऱ्यांच्या अंगाखाली पडून होता. नाकाजवळ धरला तर लेंड्या, लोकर, मूत, सगळ्याचा वास येतो. तो मुद्दाम घेतलाय.

६.३०
गायमुखाची वाट. माघातला रविवार, खेट्यांचा. कोल्हापुरातनं पंचगंगेत आंघोळ करून निघालेली माणसं वडणगे, निगवे, कुशिरे करत डोंगर चढतात. बरेच जण अनवाणी. अंबाबाई स्वतः चालत जोतिबाला बोलवायला आली होती, अशी आख्यायिका आहे. त्या वाटेनं लागोपाठ पाच रविवार जायचं, हेच खेटे. ‘चांगभलं’चा गजर पुढच्या वळणावरनं येतो, मागचं वळण त्याला ओ देतं. आण्णांच्या पायात जाड तळाच्या वहाणा. ते न थांबता चढतात. मला दोनदा थांबावं लागलं.

७.४५
डोंगरमाथा. पायऱ्या गुलालानं गुलाबी. दर्शनाची रांग लांब गेलीय. आण्णा खालूनच शिखराला हात जोडतात आणि नारळ फोडतात. राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेलं हे देऊळ त्यांच्या आज्ज्यापणज्यांनीही असंच बाहेरून बघितलं असणार, कारण बकरी सोडून रांगेत उभं राहायला वेळ कुणाला? चहा दोन, २० रुपये.

९.००
गिरोली. पाच पिल्लं दोन महिन्यांची झालीत. आई धनगरी कुत्री, केसाळ, रुंद छातीची. बाप कारवानी रक्ताचा असावा, लांब तोंडाचा आणि पातळ कमरेचा. त्यामुळं पिल्लांत दोन्हीचा मेळ आहे. पाय लांब, पाठीवर केस दाट.

आण्णा घाई करत नाहीत. लांब बसून एकदाच टाळी वाजवतात. दोन पिल्लं आईखाली घुसतात. एक भुंकत अंगावर येतं. एकाला टाळीचं काहीच नाही. पाचवं तांबूस, ते चार पावलं मागं पळतं, थांबतं, वळून बघतं आणि हळूहळू पुढं येऊन आण्णांचा अंगठा हुंगतं.

“हे.”

मग त्याला उचलून हिरड्या बघतात, पोट चाचपतात, पंजे उघडतात. वीस नखांचं कुत्रं धीट निघतं, असं जुनी माणसं म्हणतात. याला अठराच आहेत. आण्णा म्हणतात, “असूं द्यात. भ्यालं आन् परत आलं, तेवढं बास.”

९.४५
पैशाचं नाव निघत नाही. “कुत्रं इकत घेत न्हाईत, पाव्हणं. मागून न्ह्यायचं.” गठुळ्यातल्या दोन भाकरी आण्णा स्वतःच्या हातानं पिल्लाच्या आईला घालतात. ती खाते तेवढ्यात पोत्याचा तुकडा पिल्लांच्या जागेवर घासून घेतात. आता त्यात दोन वास झाले, जिथनं निघायचं तिथला आणि जिथं जायचं तिथला.

मेहुणे कातरणीचा विषय काढतात. कातरायला नगाला २० रुपये जातात आणि लोकर न्यायला कुणी येत नाही. दोघंही मान हलवतात.

११.००
परतीचा चढ. पिल्लू घोंगड्याच्या खोळीत, आण्णांच्या छातीशी. आधी कुंईकुंई करत होतं, आता पोत्यात नाक खुपसून गप्प आहे. माथ्यावर गुलाल उधळायला लागलाय. डोळ्यात जाऊ नये म्हणून आण्णा खोळ पुरती झाकतात आणि गर्दी टाळून कडेकडेनं जातात. मोटरसायकलवरचा एक पोरगा विचारतो, “मामा, हजार देतो. देता?” आण्णा चालत राहतात.

गायमुखाला ओंजळीतनं पाणी. पिल्लू चार थेंब चाटतं.

दुपारी १.३०
वाडा. मामी ताकात भाकरी कुस्करून देतात, थोडीच. नव्या जागी पहिल्या दिवशी पोट फुगवायचं नाही. जंताच्या औषधाची ८० रुपयांची बाटली आणून ठेवलीय. वजनावर माप असतं म्हणून पिल्लाला पिशवीत घालून तराजूला टांगतात. साडेतीन किलो. डॉक्टरांना फोन लावून मात्रा विचारतात. पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस याच आठवड्यात द्यायला हवी, खाजगीत ६०० रुपये. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. मामी कॅलेंडरवर दोन्ही तारखांना गोल करतात.

४.३०
भाचा कळप घेऊन येतो. बकरी उसाच्या शेंड्यांना तोंड लावतात. आण्णा पिल्लाला जमिनीवर सोडतात, पण शेजारीच उकिडवे बसून राहतात. कोकरं गोळा होतात. एक कोकरू उडी मारून पळतं आणि पिल्लू त्याच्या मागं धावतं. आण्णांचा हात लगेच त्याच्या मानेवर. मारत नाहीत, दाबून धरतात. “हं. न्हाई.” आज गंमत म्हणून पळवलं तर उद्या पाय धरेल, परवा कान फाडेल.

दुसऱ्यांदा हात लावावा लागत नाही. एक मेंढी खुर आपटून त्याला ढुशी देते. पिल्लू कोलमडतं, उठतं आणि पोट दाखवून पडून राहतं. मेंढी हुंगते आणि चरायला लागते. ही शिकवण माणसाला देता येत नाही.

७.००
वाघर लावायची वेळ. खुंट ठोकणं, जाळी ताणणं, चाळीस मिनिटं. नात पिल्लाला पालात न्यायचा हट्ट धरते. ती रडवेली होते. आण्णा तिला जवळ घेतात पण ऐकत नाहीत. पिल्लू कोकरांच्या शेजारी, डालग्याखाली, त्याच पोत्यावर झोपणार.

“पालात झोपवलं तर ते आपल्याला राखील. बकऱ्यांत झोपवलं तर बकरी राखील.”

दिवसभर मी जे बघत होतो, ते या दोन वाक्यांत आलं. राखणीचं कुत्रं नुसत्या जातीवर ठरत नाही, ज्यांच्या उबेला वाढतं त्यांचं होतं.

९.३०
पिल्लू रडतंय. म्हातारी कुत्री डालग्याला दोन फेऱ्या घालते आणि त्याला टेकून पडते. रडणं थांबतं. नाव ठरवायला कुणी बसलं नाही. या वाड्यावर कुत्र्याचं नाव वाघ्याच असतं.

आण्णा शेवटची मोजणी करतात. बकरी १४०, घोडं एक, कुत्री दोन. दुसरं कुत्रं राखणीला उभं राहायला अजून वर्ष आहे. तोवर रात्रीची फेरी आण्णांचीच.