रोल घरपोच, माणूस मात्र दुकानात

गेल्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आमच्या पोलादपूरच्या घरी आला आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून त्याने त्याच्या आजोबांचा कॅमेरा शोधून काढला. रशियन बनावटीचा झेनिट. हातात घेतला की वरवंटा उचलल्यासारखा वाटणारा. "मामा, हा चालतो का?" हा त्याचा पहिला प्रश्न आणि "याचा रोल कुठे मिळतो?" हा दुसरा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्याजवळ नव्हती. ती महाडच्या बाजारपेठेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही अठरा-वीस किलोमीटरवरच्या महाडला गेलो.

स्टुडिओवाले अण्णा आमच्या घराला तीन पिढ्यांचे ओळखीचे. माझ्या मुंजीचा फोटो त्यांच्या वडिलांनी काढलेला, बहिणीचा 'दाखवायचा' फोटो अण्णांनी. त्या काळी स्टुडिओत एक भिंतीवरचा आरसा असे, त्याखाली दोरीने बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी खिळ्याला अडकवलेला कोट. कोट एकच, त्यामुळे एका काळातल्या अर्ध्या तालुक्याच्या पासपोर्ट फोटोंत तोच कोट दिसतो! मागे रंगवलेला पडदा: संगमरवरी जिना, कमान आणि दूरवर ताजमहाल. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून आलेली नवी जोडपी त्या जिन्यापुढे उभी राहत आणि त्यातली एक प्रत मुंबईला गिरणीत किंवा गोदीत असलेल्या भावाला टपालाने जाई.

अण्णांनी झेनिट हातात घेतला, मागचे दार उघडले, लेन्स आभाळाकडे धरून डोळा लावला. "बुरशी नाही. नशीबवान आहात. कोकणात कॅमेरा चामड्याच्या पाकिटात ठेवला की संपला. चामडं ओल धरतं. स्टीलच्या डब्यात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून." मग भाच्याकडे वळून म्हणाले, "याचा मीटर मेलाय. आपण डोळ्यानंच मोजायचं. चारशेचा ब्लॅक अँड व्हाइट घे, तो चूक पोटात घालतो. कडक उन्हात सोळा नंबरचं छिद्र आणि पाचशेचा वेग. मोकळ्या सावलीत साडेपाच. एवढं पाठ कर."

साडेपाच म्हणजे ५.६. अर्धा तास हा वर्ग चालला. रोल मात्र त्यांच्याकडे नव्हता. "ठेवून करू काय? वर्षात दोन जातील, बाकीच्यांची तारीख उलटेल. मुंबईला फोर्टात बोरा बाजारातून मागवून देतो. चार दिवस लागतील. शंभर-दीडशे जास्त पडतील, येण्याजाण्याचे."

मी म्हणालो, "बघतो, कळवतो." आणि एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघता बघता भाच्याने मोबाइलवर तोच रोल शोधला, मी मान डोलावली आणि त्याने तो मागवून टाकला. शंभर-दीडशे रुपये वाचले. रोल घरपोच आला. किती दिवसांत? चार!

शहाणपण फुकट, रोल स्वस्त

यात चूक ती काय, असे कोणी विचारील. ग्राहकाने स्वस्त मिळेल तिथे घ्यावे हा व्यवहार आहे. आणि ऑनलाइन बाजाराचे उपकारही नाकारता येत नाहीत. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतल्या मुलीला आज फिल्मवर फोटो काढण्याची हौस वाटली, तर मुंबईत ओळखीपाळखी नसतानाही इंग्लंडमधल्या हारमन कंपनीचा इलफर्ड किंवा अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा कोडक रोल तिच्या दारात येऊ शकतो. पूर्वी हे शक्य नव्हते. परवाना-कोट्याच्या काळात परदेशी रोल मिळणे हेच नशीब मानले जाई. आपल्या देशाने १९६० साली उटीला 'हिंदुस्थान फोटो फिल्म्स' हा सरकारी कारखाना काढला होता, त्याचा 'इंदू' छापाचा मालही येई. तो कारखाना आता बंद पडला. रोल महाडला पिकत नव्हता आणि आता भारतातही पिकत नाही. मग तो अण्णांनी बोरा बाजारातून आणला काय आणि आपण मोबाइलवरून मागवला काय, माल तोच.

माल तोच, हे खरे. पण त्या मालाबरोबर अण्णांचा अर्धा तास होता. लेन्सची पारख, डब्याची युक्ती, सोळाचा नियम. शहाणपण आम्ही एका दुकानातून घेतले आणि पैसे दुसऱ्या दुकानाला दिले. कापडवाल्याकडे दहा ठाण उलगडायला लावून कापड भलतीकडे घेणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे. मला ते त्या दिवशी सुचले नाही, एवढेच.

ते सुचले पंधरा दिवसांनी. भाच्याने मनापासून फोटो काढले. अंगणातली फणसाची झाडे, सावित्रीचे पात्र, आणि चुलीपुढे बसलेली माझी आई. आईचे वय आता पंच्याऐंशीच्या पुढे. मोबाइलवर तिचे शेकडो फोटो असतील, पण मोबाइल समोर धरला की ती पदर सावरून ताठ बसते. या जुन्या कॅमेऱ्यापुढे मात्र ती हसली. नवऱ्याचा कॅमेरा नातवाच्या हातात बघून असेल. छत्तिसावा फोटो झाला तरी पोराने खटका ओढला. तो अडला. त्याने आणखी जोर लावला. आत 'टक्' असे काही वाजले आणि रोल गुंडाळायची चावी मोकळीच गरगरू लागली.

रोल डबीतून सुटला होता. आता मागचे दार उघडावे तर छत्तीसच्या छत्तीस फोटो उजेडात जळून जाणार, आणि न उघडावे तर ते कॅमेऱ्यातच राहणार. ज्या ऑनलाइन दुकानातून रोल घेतला त्यांना भाच्याने फोन लावला. माल परत करायचा असेल तर एक बटण, पैसे परत हवे असतील तर दुसरे. "आजीचा फोटो आत अडकलाय" यासाठी बटण नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही. ते रोल विकतात, त्यांनी रोल दिला.

आम्ही पुन्हा महाडची गाडी धरली. मी दुकानाची पायरी जरा चोरासारखाच चढलो.

अण्णांनी काही विचारले नाही. आतल्या खोलीतून त्यांनी एक काळी दुहेरी कापडाची पिशवी आणली. तिला दोन बाह्या. कॅमेरा आणि एक काळी डबी आत घातली, चेन लावली, बाह्यांत हात घातले आणि डोळे मिटून घेतले. पाच मिनिटे दुकानात कोणी बोलले नाही. कापडाखाली बोटे चालत होती: दार उघडले, फीत सोडवली, कडांना धरून गुंडाळली, डबीत सरकवली. मग डोळे उघडून ते म्हणाले, "सगळी शाबूत आहे. खटका अडला की ओढायचा नाही, बाळ. अडतो तो सांगायलाच अडतो."

पैसे विचारले तर म्हणाले, "राहू द्या. पासपोर्ट फोटो काढायचा झाला तर या."

पुराची रेघ

चहा येईपर्यंत मी दुकान न्याहाळले. डार्करूमचे आता कोठार झाले आहे. एनलार्जर गोणपाटात गुंडाळलेला. एकेकाळी पावसाळ्यात सावित्रीचे पाणी गढूळ आले की फोटो धुवायला ते चार पदरी फडक्यातून गाळावे लागे, हे अण्णा सांगत होते. रंगीत फोटो आले तेव्हा रोल मुंबईला पाठवावे लागत, कारण रंगीत फिल्मच्या औषधाचा पारा ३७.८ अंशांवर स्थिर धरावा लागतो, अर्ध्या अंशाने हलला तरी रंग बिघडतात. तेवढी यंत्रे छोट्या गावात कुठली? मग ती यंत्रेही आली, आणि डिजिटलच्या लाटेत भंगारातही गेली. गंमत अशी, की जगातला पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली तयार केला तो खुद्द कोडकच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने, आणि २०१२ च्या जानेवारीत त्याच कोडकला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. जिथे कोडक अडखळला तिथे महाडचा स्टुडिओ टिकला, तो पासपोर्ट फोटोंवर, झेरॉक्सवर आणि लॅमिनेशनवर.

दुकानाच्या भिंतीवर माणसाच्या उंचीच्याही वर एक तपकिरी रेघ आहे. रंग दिला तरी अण्णांनी ती मुद्दाम ठेवली आहे. २२ जुलै २०२१ ची ती रेघ. सावित्री उगम पावते महाबळेश्वरी, आणि त्या एका दिवस-रात्रीत महाबळेश्वरला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला होता. ते सारे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही डोंगर आला. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते.

अशा वेळी भांडीकुंडी जातात, धान्य जाते, ते सरकार आणि शेजारीपाजारी पुन्हा उभे करतात. पण फोटो? गेलेल्या माणसाला हार घालायचा, तर तसबीर कुठून आणायची? घरातला आल्बम चिखलात गेलेला असतो आणि मोबाइलही बहुधा त्याच चिखलात.

अण्णांच्या खालच्या फळ्यांवरच्या निगेटिव्ह गेल्या. माळ्यावरच्या राहिल्या. वर्षवार पाकिटे, पाकिटावर शाईने नाव आणि गाव. पूर ओसरल्यावर लोक येऊ लागले. कोणाला लग्नातला फोटो हवा होता, कोणाला वडिलांचा. ज्यांची पाकिटे माळ्यावर होती त्यांना तो मिळाला. त्या फोटोंचे पैसे लावले का, हे मी विचारले नाही.

त्याच वेळी अण्णांनी लोकांना आणखी एक गोष्ट शिकवली. ती इथे लिहून ठेवतो, कारण पाऊस दर वर्षी येतो. फोटोवर आणि निगेटिव्हवर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की फुगतो आणि शेजारच्या फोटोला चिकटतो. म्हणून भिजलेला गठ्ठा तसाच उन्हात वाळवू नये. तसा वाळला तर तो पुन्हा सुटणे कठीण. ओला असतानाच स्वच्छ थंड पाण्यात एकेक फोटो अलगद सोडवावा, चित्राच्या बाजूला बोट लावू नये, आणि दोरीला कडेने टांगून सावलीत वाळवावा. दोन दिवसांत हे जमण्यासारखे नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे बुरशी धरत नाही. जिलेटिन हे बुरशीचे खाद्यच आहे.

ही माहिती आज कुठेही मिळेल, मान्य. पण पुरात वीज नसते, टॉवर बंद असतात, आणि चिखलाने भरलेला आल्बम छातीशी धरून माणूस उभा असतो. त्याला माहिती नको असते, कोणीतरी तो आल्बम हातात घ्यायला हवा असतो.

दया नको, काम द्या

स्थानिक दुकानदाराला जगवा, असे म्हटले की ते वर्गणी मागितल्यासारखे वाटते. अण्णांना वर्गणी नको आहे. दुकानदार सगळेच अण्णांसारखे असतात असेही नाही. जुन्या तारखेचा रोल नव्या भावाने गळ्यात मारणारे आणि निगेटिव्ह परत मागितली की हात वर करणारे मीही पाहिले आहेत. अशा दुकानाला पाठ दाखवावी, ते ऑनलाइन असो वा गल्लीतले.

प्रश्न एवढाच आहे, की ज्याच्याकडे आपण अडल्यावर धावतो, त्याच्याकडे न अडल्यावरही कधी जातो का? अडचणीचा माणूस अडचणीपुरता जिवंत ठेवता येत नाही. त्याचे दुकानभाडे आणि वीजबिल आपल्या रोजच्या, साध्या, बिनअडचणीच्या कामातूनच निघते.

म्हणून माझ्यापुरते मी काही ठरवले आहे. सल्ला जिथे घेतला, माल तिथूनच घ्यायचा. शंभर-दीडशे रुपये हे त्या सल्ल्याचे मोल समजायचे, आणि ते स्वस्तच आहे. जे तिथे मिळणे शक्यच नाही ते बिनदिक्कत ऑनलाइन मागवायचे, त्यात लपवाछपवी नको. महाड-पोलादपूरच्या कॉलेजांतून फिल्मची हौस असलेली चार-पाच मुले असतीलच. त्यांनी आपापले एकेक रोल मागवण्याऐवजी एकत्र दहा रोलांची मागणी दुकानात दिली, तर तारीख उलटण्याची दुकानदाराची भीती जाते आणि वाहतूकखर्चही वाटला जातो. मोबाइलमधल्या हजार फोटोंपैकी वर्षाकाठी वीस-पंचवीस तरी कागदावर उतरवून घ्यायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या जुन्या स्टुडिओत जाऊन विचारायचे, की आमच्या घरच्या निगेटिव्ह माळ्यावर आहेत का? असतील तर दुकानदाराला रीतसर पैसे देऊन त्यांच्या प्रती करून घ्यायच्या. स्टुडिओ बंद पडतो तेव्हा माळा रिकामा होतो, आणि भंगारवाल्याला आपल्या आजोबांचे नाव वाचायला वेळ नसतो.

भाच्याचा रोल अण्णांनी एका ओळखीच्या माणसाबरोबर मुंबईच्या लॅबमध्ये धाडला. दहा दिवसांनी छत्तिसांपैकी एकोणतीस फोटो चांगले आले. काही उन्हात करपले होते, दोन-तीन हलले होते. फणसाची झाडे होती, नदी होती, आणि चुलीच्या उजेडात हसणारी आई होती.

तो फोटो कॅबिनेट साइजमध्ये करून फ्रेमही अण्णांकडूनच करून घेतली. पैसे या वेळी आगाऊ दिले, आणि जाता जाता भाच्याच्या दिवाळीच्या सुट्टीसाठी दोन रोलांची मागणीही नोंदवली. अण्णांनी ती वहीत शाईने लिहिली: नाव, गाव, तारीख.