अंकित देह : गोंदण आणि आत्माविष्काराचा प्रश्न

मराठी समीक्षेत ‘आत्माविष्कार’ या संकल्पनेचा विचार मुख्यतः शब्दाच्या संदर्भात झालेला आहे. कवी आपला अनुभव शब्दांत साकार करतो आणि त्या शब्दरूपातून त्याच्या ‘स्व’चा आविष्कार घडतो, असे त्यात गृहीत असते. परंतु माध्यम जेव्हा शब्द, रंग वा पाषाण नसून प्रत्यक्ष मानवी देह असतो, आणि देह टोचणे, चिरणे वा बदलणे हीच निर्मितीची अट असते, तेव्हा या संकल्पनेचे स्वरूप काय राहते? पाश्चात्त्य कलाविश्वात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. ओर्लाँ या फ्रेंच कलावतीने १९९० ते १९९३ या काळात स्वतःच्या चेहऱ्यावर व देहावर शस्त्रक्रियांची मालिका करून घेतली. या शस्त्रक्रिया तिने नाट्यप्रयोगासारख्या योजल्या होत्या आणि त्या चालू असताना ती मोठ्याने वाचन करीत असे. आपला देह ही आपलीच संहिता असून ती बदलण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, हा त्यामागील दावा होता.

हा दावा मराठी अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. विदर्भातील आदिवासी व ग्रामीण स्त्रियांच्या अंगावरील गोंदण हे देहलेखनाचे अगदी जवळचे उदाहरण आहे. मात्र त्याला ‘आत्माविष्कार’ म्हणता येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या अर्थाने, याचा विचार फारसा केला जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची मांडणी केली आहे.

१. भाषेतील लिहिलेला देह

देहावर लिहिले जाते ही कल्पना मराठी लोकमानसात खोल रुजलेली आहे. मूल जन्मल्यानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, अशी श्रद्धा आहे. त्या पूजेत कोरा कागद व लेखणी ठेवण्याची रीतही अनेक घरांत आढळते. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ज्याच्या कपाळावर हे लेखन होते त्याला ते वाचता येत नाही आणि पुसताही येत नाही. लेखक दुसरा आणि देह आपला, हे या श्रद्धेचे मूळ सूत्र आहे.

भाषेतील काही शब्द याच सूत्राला दुजोरा देतात. ‘अंकित’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘खूण केलेला’ असा आहे. पण मराठीत एखादा दुसऱ्याचा ‘अंकित’ आहे असे म्हटले की तो त्याच्या ताब्यात आहे, असाच अर्थ होतो. ज्याच्यावर खूण झाली तो खूण करणाऱ्याचा झाला. ‘डाग’ हा शब्द डागण्याच्या क्रियेशी जोडलेला आहे आणि चारित्र्यावरील कलंकालाही तोच शब्द चालतो. ‘मुद्रा’ या शब्दाचा पट अधिक विस्तृत आहे. राजाची मुद्रा, वैष्णवाच्या अंगावरील गोपीचंदनाची मुद्रा, कानाच्या पाळ्या चिरून कानफाट्या नाथजोगी जे कुंडल घालतो तीही मुद्रा, आणि छापण्याच्या कलेला आपण मुद्रण म्हणतो. सत्ता, भक्ती, दीक्षा आणि ग्रंथ या चारही क्षेत्रांना एकच शब्द पुरतो, ही बाब केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

२. मध्यप्रांतातील गोंदण

नागपूर ही १८६१ साली स्थापन झालेल्या मध्यप्रांताची राजधानी. गोंड, माडिया, कोरकू, बैगा आदी समाजांविषयीच्या आरंभीच्या नोंदी या प्रशासकीय व मिशनरी वर्तुळातच तयार झाल्या. स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेली सामग्री त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. गोंडांच्या लिंगोचे गीत त्यामुळे मुद्रित स्वरूपात आले. रसेल आणि हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातीजमातींवरील चार खंड १९१६ साली निघाले. व्हेरिअर एल्विन यांचा बैगांवरील ग्रंथ १९३९ सालचा असून गोंदणाचे तपशीलवार वर्णन त्यात आढळते.

बैगा मुलीचे पहिले गोंदण कपाळावर होते, तेही वयाच्या आठव्या वर्षाच्या आसपास. पुढे वय वाढेल तसे पाठ, हात, पाय, मांड्या आणि छाती असे टप्प्याटप्प्याने अंग भरत जाते. एकत्र बांधलेल्या सुयांनी त्वचा टोचायची, काजळीचा रंग आत मुरवायचा आणि वेदना व सूज ओसरण्याची वाट पाहायची, अशी ही प्रक्रिया आहे. गोंदणारी स्त्री बैगा नसते. ती बादी समाजातील असते. महाराष्ट्रातील खेड्यांतही गोंदणारीण बहुधा भटक्या समाजातील, दारोदार फिरणारी स्त्री असे आणि तिला मोबदला म्हणून धान्य वा जुने लुगडे मिळे. कपाळावरील व हनुवटीवरील ठिपके, हातावरील तुळस, विंचू, पतीचे वा भावाचे नाव ही तिची परिचित चिन्हे होत.

या स्त्रियांत सर्वत्र एक श्रद्धा आढळते. मृत्यूनंतर अंगावरचा प्रत्येक दागिना उतरवून घेतला जातो. सोबत येते ते फक्त गोंदण. या श्रद्धेचे परलोकविषयक स्पष्टीकरण बाजूला ठेवले तरी तिच्यातील सामाजिक आशय स्पष्ट आहे. सोने-चांदी सासरचे वा माहेरचे असते. ते गहाण पडते, विकले जाते, वाटणीत जाते. गोंदण मात्र गहाण ठेवता येत नाही. ज्या स्त्रीच्या नावावर काहीच नव्हते, तिच्या मालकीची ही एकमेव वस्तू होती, आणि तिची किंमत तिने स्वतःच्या वेदनेने चुकवलेली होती.

३. लेखक कोण?

तथापि मालकी आणि कर्तृत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. आठ वर्षांच्या मुलीला कपाळावरील चिन्ह निवडण्याचा अधिकार नसतो. ते परंपरेने ठरलेले असते, सुई परक्या स्त्रीच्या हातात असते आणि मुलीने हलू नये म्हणून घरच्याच बायका तिला धरून ठेवतात. गोंदण नसलेल्या मुलीचे लग्न कसे जमणार, हा प्रश्न तिच्यापुढे उभा असतो. अशा प्रसंगी गोंदणाला सरसकट ‘स्त्रीचा आत्माविष्कार’ म्हणणे हे अभ्यासकाच्या भावुकतेचे लक्षण ठरेल. त्याउलट, ते केवळ जमातीचे वा पुरुषसत्तेचे ओळखचिन्ह आहे असे म्हणणेही अपुरे आहे. पुढच्या वयात हातावर काय गोंदवायचे, कोणाचे नाव घालायचे, विंचू की मोर, हे स्त्री ठरवते. जत्रेत मैत्रिणींसोबत हौसेने गोंदवून घेते. एकाच देहावर सक्तीचे आणि आवडीचे लेखन शेजारी शेजारी नांदते. म्हणून संपूर्ण गोंदणाविषयी एक निर्णय देण्याऐवजी प्रत्येक चिन्हाला तीन प्रश्न विचारावे लागतात : ते कोणी ठरवले, ते कोणी वाहिले आणि ते कोणी वाचायचे आहे?

या प्रश्नांचे महत्त्व दंडगोंदणाच्या उदाहरणाने अधिक ठळक होते. बंगाल इलाख्यात १७९७च्या नियमाने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्ह्याची नोंद गोंदली जात असे. ही शिक्षा १८४९ साली रद्द झाली. या शिक्षेलाही हिंदीतील ‘गोदना’ हाच शब्द होता. सुई तीच, काजळी तीच, कपाळही तेच. परंतु येथे चिन्ह सरकारने ठरवले, वाहिले कैद्याने आणि वाचायचे होते पहारेकऱ्याने. सटवाईचे लेखन निदान अदृश्य होते. सरकारचे लेखन फेट्याखाली लपवावे लागे.

४. रामनामी : देहाची परत घेतलेली संहिता

या पार्श्वभूमीवर रामनामी समाजाचे उदाहरण निर्णायक ठरते. छत्तीसगड हा त्या काळी नागपूरहून चालणाऱ्या मध्यप्रांताचाच भाग होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून, चारपारा गावच्या परशुराम यांच्या प्रेरणेने हा पंथ उभा राहिला. या पंथातील स्त्रीपुरुषांनी ‘राम’ ही अक्षरे आपल्या देहावर गोंदवून घेतली. काहींनी केवळ कपाळावर वा छातीवर, तर काहींनी पापण्या व ओठांसकट नखशिखांत. संपूर्ण अंग अक्षरांनी भरलेल्या व्यक्तीला ‘नखशिख’ असेच म्हणतात.

ज्यांना मंदिराचे दार बंद होते त्यांनी देवाचे नाव अशा जागी नेले, की जेथून कोणताही पुजारी त्यांना बाहेर काढू शकत नव्हता. मराठी वाचकाला येथे चोखामेळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पंढरीच्या महाद्वाराबाहेर राहिलेल्या चोखोबांनी आपले उत्तर अभंगातून दिले. रामनाम्यांनी ते कातडीवर लिहिले. रामदास लँब यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आणखी एक महत्त्वाची बाब नोंदवली आहे. हा समाज तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’चे गायन करतो, परंतु त्यातील जातिभेदाचे वा स्त्रीनिंदेचे समर्थन करणाऱ्या ओळी वगळून, आपल्याला मान्य असणाऱ्या ओळी निवडून करतो. म्हणजेच ज्यांना वाचनाचाही अधिकार नाकारला गेला, त्यांनी संहितेचे संपादन केले. अंगावर काय लिहायचे आणि ग्रंथातील काय गायचे, हे दोन्ही निर्णय एकाच स्वत्वातून आलेले आहेत. येथे चिन्ह वाहणाऱ्यानेच ते ठरवले आहे आणि ज्याने दार लावले त्यानेही ते वाचावे अशी योजना आहे. ‘अंकित’ या शब्दाचा मराठी अर्थ येथे उलटा होतो : खूण करून घेणारा कोणाच्याही ताब्यात राहत नाही.

५. विधी आणि प्रयोग

पाश्चात्त्य देहकलेकडे आता अधिक नेमकेपणाने पाहता येईल. फकीर मुसाफर हे नाव धारण केलेल्या अमेरिकन कलावंताने (१९३०–२०१८) उत्तर अमेरिकेतील आदिवासींचे विधी आणि भारतीय कावडीसारखे देहपीडेचे विधी यांचे अनुकरण करून स्वतःच्या अंगात गळ व सळया टोचून घेतल्या आणि ‘आधुनिक आदिम’ अशी भूमिका मांडली. यातील विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. पाठीत गळ अडकवून टांगून घेण्याची प्रथा बंगालमध्ये इंग्रजी राज्याने १८६५ साली रानटी म्हणून बंद केली. महाराष्ट्रात तिची आठवण बगाडात उरली आहे. वाई तालुक्यातील बावधनला रंगपंचमीच्या दिवशी बगाड निघते. बगाड्या कौल लावून निवडला जातो आणि आता त्याला गळ टोचत नाहीत, उंच लाकडाला बांधतात. जे एका समाजाच्या बाबतीत रानटीपणा ठरले तेच महानगरातील कलावंताच्या बाबतीत आत्माविष्कार ठरले.

दोहोंत खरा भेद वेदनेचा नाही. बगाड्याची वेदना नवसाची असते. ती देवाशी आणि गावाशी बोलते. कलावंताची वेदना त्याच्या ‘स्व’शी आणि प्रेक्षकाशी बोलते. नवस फेडून बगाड्या खाली उतरतो तेव्हा गाव ऋणमुक्त होते. कलावंताच्या प्रयोगानंतर उरते ते छायाचित्र. एक श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ असा निर्णय येथे अभिप्रेत नाही. परंतु देहपरिवर्तन कितीही टोकाचे असले तरी केवळ त्या टोकामुळे ते आविष्कार ठरत नाही, एवढे निश्चित म्हणता येते. हनुवटीवरचा स्वतः निवडलेला एक ठिपका त्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण असू शकतो.

६. रूपक झालेले गोंदण

मराठी साहित्याने गोंदणाचे काय केले, हा शेवटचा आणि साहित्याभ्यासाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न. शांता शेळके यांच्या १९७५ सालच्या कवितासंग्रहाचे नावच ‘गोंदण’ आहे. कायम राहणारी, पुसता न येणारी आठवण या अर्थाने ही प्रतिमा आधुनिक मराठी कवितेत व गद्यात स्थिरावली. ‘मनावर गोंदले गेले’ हा प्रयोग आता इतका रुळला आहे की त्यातील सुई कोणाला टोचत नाही. रूपकाने गोंदणातील चिरंतनत्व घेतले; धरून ठेवणारे हात, सुजलेले कपाळ, दारोदार फिरणारी गोंदणारीण आणि तिचे पसाभर धान्य मात्र मागे राहिले. रूपकाचा हा स्वभावच आहे, त्याबद्दल कवीला दोष देता येणार नाही. पण समीक्षकानेही रूपकापाशीच थांबावे काय?

नागपूरच्या साहित्यविचारात या प्रश्नाला आधार देणारे एक सूत्र उपलब्ध आहे. शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ (१९७८) या ग्रंथात मानुषता हे साहित्यमूल्याच्या केंद्रस्थानी मानले. ही मानुषता छापील संहितेपुरती मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. गोंदलेला देह हीही संहिता आहे, आणि तिची अडचण अशी की तिची प्रत एकच असते. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आदिवासींची आयुधे व अलंकार जतन करता येतात. गोंदण जतन करता येत नाही. ते त्या स्त्रीसोबत मातीत वा अग्नीत जाते. तरुण मुली आता अंगभर गोंदवून घेत नाहीत. शाळा-नोकरीत हिणवले जाईल या भीतीने अनेकींना असलेले गोंदणही नकोसे वाटते. त्याच वेळी शहरातील दुकानांत तेच ठिपके व त्याच रेषा यंत्राने, हौसेने काढून घेतल्या जातात. बादी स्त्रियांनी अलीकडे आपली चिन्हे कागदावर व कापडावर उतरवण्यास आरंभ केला आहे. तेथे कलाकृतीखाली प्रथमच गोंदणारणीचे नाव येते. पण जिच्या अंगावर ती चिन्हे शोभायची, ती स्त्री चित्रातून नाहीशी होते.

म्हणून लोकसाहित्याच्या संशोधकाने गीत ध्वनिमुद्रित करताना गाणारीच्या हाताकडेही पाहिले पाहिजे. तुळस केव्हा गोंदवली, कोणी सांगितले म्हणून, की स्वतःच्या मनाने. कोणाचे नाव घातले आणि कोणते घालू दिले नाही, हे तिला विचारले पाहिजे, आणि ते सांगायचे की नाही हा निर्णय तिच्यावर सोपवला पाहिजे. कारण या संहितेचा शेवटचा अधिकृत वाचक तीच आहे. तिने आपल्या देहाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगितला, तर इतरांनी लिहिलेल्या गोंदणाचेही त्या क्षणी आत्माविष्कारात रूपांतर होते.